पाणी न्हाई, जमीन बघायलोय

रात्री दीडच्या सुमाराला मी मारुतीच्या पारापाशी उकिडवा बसलो होतो. समोर जमिनीवर डालड्याच्या डब्याएवढं यंत्र, त्याच्या डोक्यावर लेव्हलचा बुडबुडा, आणि बुडबुड्यावर माझा टॉर्च. बुडबुडा वर्तुळात बसला की पुढची तीस मिनिटं कुणी हलायचं नाही, चप्पल वाजवायची नाही. गाडीसुद्धा दोनशे फूट लांब लावलेली, कारण ड्रायव्हर घोरायचा.

तेवढ्यात पलीकडच्या बोळातून घोंगडी पांघरलेले एक म्हातारे आले. थांबले. आधी मला बघितलं, मग यंत्राला.

"काय करायलाव?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्याचा अर्थ त्यांनी ‘जवळ या’ असा घेतला.

"पाणी बघायलाव का?"

"न्हाई मामा. पाणी न्हाई, जमीन बघायलोय."

"जमिनीत दुसरं काय बघायचं असतंय?"

ती नोंद वाया गेली. पावलांचे ठोके आलेखावर सुळ्यांसारखे उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून तीस मिनिटं धरावी लागली. मामा पारावर बसून राहिले. उत्तर मिळाल्याशिवाय ते जाणार नव्हते.

ही २०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या साली मराठवाड्यात दुष्काळ जाहीर झालेला. लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सीमेवरचं एक तालुक्याचं गाव आणि त्याभोवतीची वाढ, एवढ्या भागाचा भूकंप-धोक्याचा बारकाईचा नकाशा करण्याचं काम आमच्या चौघांच्या चमूकडे आलं होतं. गावाचा विकास आराखडा नव्याने व्हायचा होता, त्यात तो वापरायचा असं ठरलं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुष्काळात रात्री यंत्र घेऊन जमिनीवर वाकलेला माणूस म्हणजे पाणाड्याच, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या हातात नारळ नाही, काडी नाही, तेव्हा हे शहरातले महागडे पाणाडे असावेत, एवढाच काय तो फरक लोकांनी केला.

मी लातूरचा. ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून उशिरा झोपलेलो. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना फळीवरची भांडी खाली आली आणि आईने मला दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. आमच्या घराच्या एका कोपऱ्याला तडा गेला, एवढंच. तिथून चाळीसेक किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ ही गावं त्याच मिनिटाला ढिगारा झाली होती. आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ चा, जगाच्या हिशेबात मध्यम. पुढे शिकायला लागल्यावर मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. मध्यम भूकंपाने एवढी माणसं कशी मेली?

आणखी एक गोष्ट खुपली. त्या पहाटेपर्यंत देशाच्या भूकंप-नकाशात हा पट्टा झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात निर्धास्त रंगात होता. १९९२ मध्ये किल्लारीत महिनोन्‌महिने धक्के बसत होते, लोक बाहेर झोपत होते, पण नकाशाचा रंग तोच. २००२ साली बांधकामाच्या आयएस १८९३ या संहितेच्या नव्या आवृत्तीत झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि आमचा भाग झोन तीनमध्ये आला. त्या आवृत्तीत झोन तीन म्हणजे इंजिनिअरच्या हिशेबात ०.१६, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.१६ पट हादरा धरायचा. कोयना झोन चारमध्ये, तिथे ०.२४.

हा आकडा घर बांधायला लागतोच, त्याची थट्टा नाही. पण मुंबई, पुणे आणि आमचं हे तालुक्याचं गाव, तिघांनाही त्या नकाशात तो एकच आकडा होता. गावात मारुतीच्या पारापाशी जास्त हलेल की नव्या बसस्टँडपाशी, हे त्या रंगाला विचारून उपयोग नाही. भुजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांच्या शेजारच्या कित्येक इमारती तशाच उभ्या राहिल्या. जमीन बदलली की हलणं बदलतं. जबलपूरला १९९७ च्या भूकंपानंतर असा बारीक नकाशा झाला, दिल्ली, गुवाहाटी, बंगळूरुलाही झाला. तालुक्याच्या गावासाठी तो करायला निघालेले आम्हीच बहुधा वेडे होतो.

मामांना मी सांगितलं ते असं. कुंभाराकडून माठ घेताना आपण टिचकी मारतो की नाही? आवाजावरून कळतं, पक्का भाजलाय की कच्चा, तडा गेलाय का. जमिनीलाही आवाज असतो. रस्त्यावरची वाहनं, वारा, अगदी लांबच्या समुद्राच्या लाटा, यांनी जमीन सतत बारीक थरथरत असते, आपल्याला कळत नाही. हे यंत्र ती थरथर तीन दिशांनी ऐकतं: उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि वर-खाली. आडवी थरथर उभ्या थरथरीच्या कितीपट आहे, ते प्रत्येक सुरासाठी काढायचं. खाली मऊ मातीचा जाड थर असेल तर एका ठरावीक सुराला आलेखात शेंडा येतो. तो सूर म्हणजे त्या जमिनीची टिचकी.

"मग वाजतीय का आमची जमीन?" मामा.

"वाजतीय की."

वाजत होती हे खरं, पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

दीडशेच्या आसपास ठिकाणी आम्ही असे बसलो. दिवसा जमायचं नाही, बाजारपेठेत तर नाहीच. रात्री अकरानंतर गाव निजलं की सुरुवात, पहाटे पाण्याचे टँकर सुरू झाले की आवरतं घ्यायचं. टँकर अर्ध्या किलोमीटरवरून गेला तरी आलेखात दिसतो. कुत्री हा तर वेगळ्या लेखाचा विषय. काळ्या जमिनीत भेगा पडलेल्या. भेगेच्या काठावर यंत्र ठेवलं की ते तिरकं होतं, म्हणून खुरप्याने वीतभर माती काढून खालची घट्ट जागा साफ करायची, हाताने चोपायची आणि मग यंत्र टेकवायचं. माझ्या नखांतली काळी माती त्या हिवाळ्यात गेलीच नाही.

दिवसाचं काम निराळं. मोकळ्या जागेत सरळ रेषेत चोवीस जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारे खुंटे, जमिनीत रोवायचे, टोकाला लोखंडी पाटा ठेवायचा आणि त्यावर आठ किलोच्या घणाने मारायचं. लाट एका जिओफोनपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेली, त्यावरून खालच्या थरांतला वेग कळतो. घण मारायला गावातला एक गडी लावला होता. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "फोडायचं काय?" काहीच फोडायचं नाही, नुसतं मारायचं, हे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची कीव अजून आठवते. पोरं मात्र खूश. शाळेच्या मैदानात आम्ही पसारा मांडला की घणाच्या प्रत्येक ठोक्याला शंभरेक पोरं एका सुरात "हेऽऽ" करायची आणि ती नोंदही वाया जायची. शेवटी मुख्याध्यापकांनी पोरांना सांगितलं की ठोका पडताना जो श्वास रोखून धरेल तो खरा. मग जी शांतता झाली, ती मी आयुष्यात विसरणार नाही.

यंत्रांपेक्षाही जास्त उपयोगी पडली ती एका बोअरवाल्या मामांची वही. वीस-बावीस वर्षं बोअर मारण्याची एजन्सी. वहीत प्रत्येक बोअरचा हिशेब: किती फूट काळी, किती मुरूम, कुठे मांजऱ्या खडक लागला, कुठे गेरू, कुठे काळा पाषाण. थरांच्या नोंदी कुठे घाईत, कुठे अंदाजाने. पण एक आकडा त्या वहीत कधीच चुकलेला नव्हता: केसिंग किती फूट टाकली. मऊ माती ढासळू नये म्हणून पक्का दगड लागेपर्यंत पाइप घालावा लागतो, आणि केसिंगचे पैसे फुटावर असतात. मालक तो आकडा मरेपर्यंत विसरत नाही. आम्ही मग दारोदार एवढंच विचारत सुटलो: "केसिंग किती फूट गेली?" पाणी किती लागलं याचं उत्तर लोक वाढवून किंवा लपवून सांगतात. केसिंगचं उत्तर घरातली बाईसुद्धा स्वयंपाकघरातून ओरडून अचूक सांगते, आणि वर किती जास्तीचे पैसे गेले तेही.

कोरड्या विहिरी होत्याच. दोर लावून खाली उतरलं की काठाचा सगळा थर डोळ्यांसमोर: वर काळी, मग पिवळसर चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग दगड. टेप लावायचा, फोटो काढायचा. दुष्काळाचा आम्हाला हा असा फायदा झाला, लिहितानाही लाज वाटते.

हे सगळं कागदावर उतरायला लागलं तशी एक गंमत दिसली. गावाबाहेर, काळ्या रानात, धोका जास्त असेल असा माझा अंदाज होता. काळी माती मऊ, पाणी प्यायली की फुगते, सगळे तिलाच नावं ठेवतात. पण बहुतेक ठिकाणी ती आठ-दहा फुटांत संपत होती आणि खाली मुरूम. शेंडा आलाच तर फार वरच्या सुराला. खरा मोठा शेंडा आला तो गावाच्या मधोमध, गढीच्या भोवतीच्या जुन्या गावठाणात. मारुतीच्या पारापाशी. सेकंदाला पाच वेळा थरथरण्याच्या सुराला.

काळी आणि पांढरी हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गाव. पण पांढरी हा मातीचा थर आहे, हे माझ्या डोक्यात तोवर शिरलंच नव्हतं. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं बांधायची, ती पडायची, त्यावर पुन्हा बांधायची. चुलीची राख, शेण, खापरं, सगळं तिथेच. गावच टेकाडासारखं वर येत जातं. गटाराचं खोदकाम चालू होतं, त्या चरात मी उतरलो तर बोटाने कोरता येईल अशी राखाडी-पांढरी भुसभुशीत माती, मध्ये काळ्या राखेच्या पट्ट्या, बांगडीचे तुकडे, कसलंसं हाड. बोअरवाल्या मामांच्या वहीत त्याच बोळातल्या बोअरला केसिंग तीस फूट. तिथून दोनशे पावलांवर, उताराखाली, बारा फूट. भूशास्त्राच्या छापील नकाशात दोन्हीकडे एकच रंग आणि एकच शब्द: बेसाल्ट. ते खोटं नाही. किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं तेव्हा तीनशे मीटरहून जास्त बेसाल्ट लागला आणि मग त्याखालचा प्राचीन खडक. पण घर काही तीनशे मीटर खाली बांधत नाहीत.

हिशेब अगदी शाळकरी आहे. थराची जाडी चौपट करायची आणि थरातल्या लाटेच्या वेगाला तिने भागायचं. तीस फूट म्हणजे नऊ मीटर, चौपट छत्तीस. घणाच्या ठोक्यांवरून वेग आला होता सेकंदाला १८० मीटर. एकशे ऐंशी भागिले छत्तीस, पाच. दिवसाचं आणि रात्रीचं काम इतकं जुळलं की मी लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला.

आता घरांचं बघा. एकमजली घर साधारण सेकंदाला दहा वेळा डुलतं, दुमजली पाच, चारमजली अडीच. हा ढोबळ नियम आहे, घराघरागणिक बदलतो, पण दिशा बरोबर. पंचमीचा झोका जसा त्याच्याच लयीत ढकलला की वर वर जातो, तसं जमिनीचा सूर आणि घराचा सूर एक झाला की घर जास्त हलतं. आणि त्या गावठाणात गेल्या दहा वर्षांत जुने वाडे पाडून काय उभं राहिलं होतं? खाली शटरचे गाळे, वर घर. दुमजली. गाळ्यांना समोरून भिंतच नाही, नुसते खांब. त्या रात्री मी त्या गल्लीतून चालत खोलीवर आलो तेव्हा शटरं मोजत आलो. एकोणचाळीस.

घरांची पाहणी हा कामाचा दुसरा भाग. जमीन कशीही असो, मारते ती भिंत आणि छप्पर. आमच्याकडे छापील तक्ता होता: भिंत दगड-मातीची की विटा-सिमेंटची, छप्पर माळवद (लाकडांवर मातीचा थर), पत्रा की स्लॅब, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टी आहे का. गावठाणाच्या कडेला माळवदाचं एक घर होतं, एकटी राहणारी आजी. तिने आधी चहा ठेवला, मग आम्ही कोण ते विचारलं.

"त्र्याण्णवला ह्या घराला काय झालं, आजी?"

"काय न्हाई. त्या भिंतीनं तेवढं पोट काढलं."

आजही ते पोट तसंच होतं. बाहेरून हात फिरवला तर कळत होतं, अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे दोन वेगळ्या भिंती: एक बाहेरचा थर, एक आतला, मध्ये गोटे आणि माती. दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड मला सबंध लांबीत एक दिसला. हादरा बसला की मधली माती खाली बसते, दोन थर एकमेकांना बाहेर ढकलतात, आणि वरचं छप्पर निराधार. वर काय आहे ते बघायला शिडीने चढलो. काठाला मोजलं तर माती दीड फूट. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साडेसहा टनांहून जास्त. भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून निजायचं, असा तो हिशेब.

"एवढी माती कशाला हो आजी?"

"दर साली टाकावं लागतंय की. पाऊस गळतोय न्हाई तर."

"कुठनं आणता?"

"गढीची. पांढरी."

म्हणजे पायाखालची तीच आणि डोक्यावरचीही तीच. भूकंपानंतर सरकारी दुरुस्तीत माती कमी करा, पट्टी घाला, भिंतीत आरपार काँक्रीटचे तुकडे बसवा, असं लाखांवर घरांना सांगितलं गेलं. आजीकडेही कुणीतरी आलं होतं. "माती काढली तर उन्हाळ्यात भाकरीवानी भाजतंय माणूस," ती म्हणाली. मे महिन्यातला तिचा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नव्हतं. दरवर्षी नवी टाकायच्या आधी तेवढीच जुनी खरवडून काढा, एवढंच मी सांगू शकलो. आणि निजायची बाज त्या पोटाच्या भिंतीपासून लांब, दाराजवळ. बाज तेव्हाच हलवली आम्ही दोघांनी. माझ्या चार महिन्यांतला नक्की वाचवणारा सल्ला कुठला, तर तो.

तिसरी जागा ओढ्याची. गावाच्या दक्षिणेला जुन्या गाव-नकाशात एक ओढा आहे, वळसा घालून नदीला मिळणारा. आता तिथे एनए लेआउट, रंगीत झेंडे, प्लॉटविक्रीचा फलक. ओढा राडारोडा आणि मुरूम टाकून बुजवलेला. तिथले आलेख बघितले की दात पडलेल्या तोंडासारखे. वीस पावलांवर सूर बदलायचा. बुजवलेल्या भागात भराव किती खोल, हे कुणीच सांगायला तयार नव्हतं. बोअरवाल्या मामांनी वही मिटली: "तिथलं मला काय विचारू नगा." त्यांचंही पोट होतं, बोअर त्याच लेआउटमध्ये मारायचे होते.

मग नकाशा. लोकांना वाटतं यंत्रं चालवणं अवघड; खरं अवघड काम रंग देण्याचं. पहिल्या मसुद्यात गावठाण आणि ओढा लाल, मधला भाग पिवळा, मुरूम-दगडाचा माळ हिरवा. तो घेऊन आम्ही नगरपरिषदेत गेलो. टेबलावर उलगडल्या उलगडल्या एक सदस्य म्हणाले, "लाल काढा. लाल बघितला की बँक कर्ज देणार न्हाई." दुसऱ्यांनी ‘झोन’ हा शब्द वाचला आणि थेट विचारलं, आपण आता काश्मीरच्या झोनमध्ये गेलो काय. देशाच्या नकाशातला झोन आणि आमचा झोन वेगळा, हे समजावण्यात पाऊण तास गेला. चूक आमचीच. शब्द उसना घेतला की त्याचा अर्थही मागून येतो.

म्हणून झोन शब्द काढला, रंग जांभळ्याच्या तीन छटा केले आणि भागांना सरळ अ, ब, क म्हटलं. वाटलं, आता सुटलो. पुढच्या बैठकीला गावकरीही बोलावले होते. नकाशा भिंतीवर लावला, मी बोलायला लागलो, आणि मागच्या रांगेतले म्हातारे एकदम उठून उभे राहिले. "गावठाण अ मध्ये? म्हंजे आमाला हलवणार?" सभागृहात कालवा. मला कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. त्र्याण्णवच्या पुनर्वसनात गावांचे वर्ग होते. अ म्हणजे गाव पूर्ण उठवून दुसरीकडे वसवायचं. अशी ५२ गावं. ब म्हणजे जागेवर पुन्हा बांधायचं, क म्हणजे दुरुस्ती. पंचवीस वर्षांनीही या पट्ट्यात अ हे अक्षर नुसतं अक्षर नाही. लातूरचा असून मला हे सुचू नये, याची अजून चीड येते. नवी गावठाणं त्या लोकांनी पाहिली होती: आखीव रस्ते, रानापासून लांब, शेजारी कोण तर ज्याचा नंबर लागला तो.

सभा मोडायच्या बेतात असताना पारावरचे ते घोंगडीवाले मामा पुढे आले. नकाशाजवळ गेले, डोळे बारीक करून बघत राहिले. मग मला म्हणाले, "हे जांभळं म्हंजे पांढरी हाय न्हवं? मग पांढरी लिवा की. आन् ह्यो ओढा चुकलाय. ओढा शाळंच्या मागनं जायचा. आमी पोवलोय त्येच्यात."

जुन्या नकाशात वळण शाळेच्या पुढून होतं. आम्ही त्यावर विसंबलो होतो. दुसऱ्या रात्री शाळेमागच्या कुंपणालगत यंत्र लावलं. शेंडा तिथेच आला, भरावाचा, अगदी स्वच्छ. मामांच्या बोटाने दाखवलेली रेषा आणि आमच्या आलेखांतली रेषा यांत दहा पावलांचाही फरक नव्हता. शाळेच्या नव्या खोल्यांचा पाया त्याच रेषेवर आखलेला होता.

शेवटच्या नकाशात मग अ, ब, क राहिलं नाही. चार शब्द राहिले: पांढरी, भराव, खोल काळी, मुरूम-दगड. प्रत्येकापुढे दोन ओळी. पांढरीवर दुमजली किंवा त्याहून जास्त बांधायचं तर मातीची तपासणी आणि इंजिनिअरची सही. गाळ्यांच्या मजल्यात निदान कोपऱ्यांना तरी भिंती. भरावावर शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी नको. हे वाचून दाखवलं तेव्हा कुणी उठलं नाही. एका बाईंनी एवढंच विचारलं, आमची गल्ली पांढरीत येते की काळीत, आणि तिला शेजारणीनेच उत्तर दिलं.

"पण होणार कधी?" हा प्रश्न प्रत्येक सभेत आला. ते आम्हाला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी लोकच माझ्या आधी म्हणायला लागले.

पुढे काय झालं? शाळेच्या खोल्यांचा पाया हलवला, ते मुख्याध्यापकांनी धरून लावलं म्हणून. ओढ्यावरचे प्लॉट विकले गेले. आराखड्याच्या कागदपत्रांत आमचा नकाशा जोडपत्र म्हणून लागला. जोडपत्र कोण उघडतं? दोन वर्षांनी गेलो तेव्हा मोठी छापील प्रत कपाटामागे गुंडाळून उभी होती, वरून धूळ. गावठाणात शटरं वाढली होती. यावेळी मी मोजली नाहीत. आजीच्या घरी गेलो. बाज दारापाशीच होती. माळवदावरची माती मात्र मोजू दिली नाही, म्हणाली, गुडघे दुखतात, शिडी लावू नको.

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला. नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. नऊच्या आत मला त्या नगरपरिषदेतून फोन आला. आवाज तरुण, अनोळखी. जुने इंजिनिअर बदलून गेले होते.

"सर, तुमचा एक नकाशा होता म्हणे. पीडीएफ मिळेल का? वरून विचारलंय, आपलं गाव कुठल्या झोनमध्ये येतं."

"तीन," मी म्हटलं. "सगळा तालुका तीनच. तुम्ही राहता कुठे?"

"मारुतीच्या पारापाशी. भाड्याने. वरच्या मजल्यावर."

"खाली गाळे आहेत का?"

तो थांबला. "आहेत की. का सर?"

मी पीडीएफ पाठवली, आणि म्हटलं, ती उघडण्याआधी खाली जाऊन घरमालकाला एवढंच विचारून या, बोअरला केसिंग किती फूट गेली होती.